अक्कांचा आग्रा रोड

सुभद्राअक्का कॉम्प्युटरवर ट्रक चालवायला बसत, तेव्हा आधी पदर कमरेला खोचत. चपला दाराबाहेरच असत. कीबोर्डला हात लावून तो कपाळाला लावत आणि मगच गाडी सुरू करत. पन्नाशीची, अंगाने बारीक, सुती साडीतली ही बाई पडद्यावरच्या अमेरिकेतल्या रस्त्यावर अठरा चाकांची गाडी हाकते आहे, हे दृश्य पहिल्यांदा बघणारा हसायचाच. माझ्या क्लासची पोरं तीच गाडी दोन मिनिटांत कठड्यावर नेऊन आदळायची. अक्कांची गाडी मात्र चाळीसच्या पुढे जात नसे. मागून येणारे भोंगे वाजवत निघून जायचे. अक्का त्यांना हाताने "जा बाबा, जा" अशी खूण करायच्या. पडद्यातल्या माणसांना ती दिसत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, तरीही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. धुळ्यात देवपूर भागात अक्कांच्या घराच्या खालच्या दोन खोल्या मी कॉम्प्युटर क्लाससाठी भाड्याने घेतल्या होत्या. अक्का वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मुलगा शरद नाशिकला कारखान्यात होता, दिवाळीला यायचा. दुपारी क्लास रिकामा असला की अक्का चहा घेऊन खाली यायच्या. माझ्याशी बोलताना मराठी शहरातली, पण मनातलं काही निघालं की भाषा गावाकडे वळायची. एखादं पोरगं घाईघाईने कळा बडवायला लागलं, की त्याच्या पाठीमागे उभ्या राहून म्हणायच्या, "धीरे धीरे कर रे भाऊ. बठ्ठं व्हई जाई." सगळं होईल. मी मशीन बिघडलं म्हणून वैतागलो, तरी मलाही तेच ऐकावं लागे.

ट्रकचा खेळ पोरांनीच कुठून तरी सीडीवर आणला होता. एका दुपारी एक पोरगं तो खेळत होतं, आणि अक्कांनी तो पाहिला. बराच वेळ त्या पाठीमागे उभ्या राहून बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "काटा साठवर आहे. मग कोपऱ्यातलं घड्याळ एवढं का पळतं? आत्ता सकाळ होती, आता दुपार झाली."

मी समजावून सांगितलं. गाडीचा वेग खराच दाखवतात, पण वेळ आवळून बसवतात. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला खरे दहा तास लागत असतील, तर दहा तास खुर्चीत कोण बसेल? म्हणून रस्ता आखूड करायचा आणि त्या मानाने घड्याळ पळवायचं. चालवणाऱ्याला वाटतं की दिवसभर गाडी चालवली, प्रत्यक्षात अर्धा तासही झालेला नसतो.

अक्कांनी ते नीट ऐकून घेतलं. मग पडद्याकडे बघतच म्हणाल्या, "आमले मात्र बठ्ठी वाट देखनी पडे." आम्हाला मात्र सगळीच्या सगळी वाट पाहावी लागायची. त्यांचे यजमान ट्रक ड्रायव्हर होते, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे त्या रोज खेळायला लागल्या. त्या खेळात एक युक्ती होती. फार वेळ झोप न घेता गाडी चालवली की पडदा हळूहळू काळा पडायचा आणि पुन्हा उजळायचा, डोळे मिटल्यासारखा. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा अक्कांनी लाईट गेली का, असं विचारलं. मी म्हणालो, ड्रायव्हरला डुलकी येते आहे, गाडी बाजूला घेऊन हे बटण दाबा म्हणजे तो झोपेल, आणि लगेच सकाळ होईल. अक्कांनी गाडी बाजूला घेतली, पण बटण दाबलं नाही. उठल्या आणि वर निघून गेल्या. चहाचे कप तसेच राहिले. चार-पाच दिवस त्या खाली आल्या नाहीत.

आल्या त्या सगळं सांगायच्या तयारीनेच. शरदचे वडील रावेरकडून केळी भरून दिल्लीला न्यायचे आणि परतीचा माल घेऊन आग्रा रोडने धुळ्याला यायचे. बरोबर दुसरा ड्रायव्हर म्हणून अक्कांचा धाकटा भाऊ साहेबराव असायचा. शरदच्या वडिलांनीच त्याला गाडी शिकवली होती. ऐंशीच्या दशकात एका पहाटे, दिल्लीहून परत येताना, सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटाच्या उतारावर गाडी दरीत गेली. दोघेही जागच्या जागी गेले. केबिनचा पार चुराडा झाला होता. कोण कुठे बसलं होतं हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. गाडी शरदच्या वडिलांच्या ताब्यात, मोठे तेच, म्हणून चालवत तेच होते असं सगळ्यांनी धरलं. तिकडे रावेरला केळी कापून पडली होती, त्या घाईत यानेच गाडी उडवली, असं ट्रकमालकाचा माणूस सगळ्यांसमोर बोलला.

अक्कांचं माहेर शिरपूरजवळच्या एका खेड्यात. तिथे साहेबरावाची बायको मंदा दोन लहान लेकरं घेऊन रडत बसली होती. अक्का भेटायला गेल्या, तर वडिलांनी त्यांना अंगणातूनच परत पाठवलं. तुझ्या नवऱ्याने माझा मुलगा मारला, पुन्हा या दाराला येऊ नको, म्हणाले. आई आत चुलीपाशी बसली होती, ती उठून बाहेर आली नाही. त्याला दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. मधल्या काळात वडीलही गेले, पण अक्कांना निरोप आला नाही. राखीपौर्णिमेला अक्का दिवसभर घराचं दार लावून बसायच्या. शरदही मामांच्या जिवावर वडीलच उठले, असं धरून मोठा झाला होता. घरात वडिलांचा फोटो त्याने लावू दिला नव्हता.

"भाऊ, मले एकच सांग," अक्का म्हणाल्या. "आपला रस्ता अशा खेळात घालता येईल का?"

त्यांना खेळ नको होता. दिल्लीहून गाडी केव्हा निघाली हे त्यांना माहीत होतं, कारण शरदच्या वडिलांनी शेजारच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला होता: संध्याकाळी जेवून निघतो, पहिला हात माझा. घाटात गाडी पडली ती वेळही माहीत होती. मधे ती किती वेगाने आली असेल, एवढंच त्यांना बघायचं होतं. सुसाट आली की रोजच्यासारखी आली?

विकतच्या खेळात मला काही बदलता येत नव्हतं. पण साधा प्रोग्रॅम लिहिता येत होता. पडद्यावर एक आडवी रेघ म्हणजे आग्रा रोड, तिच्यावर एक ठिपका म्हणजे ट्रक, कोपऱ्यात घड्याळ आणि वेग. नकाशावरून अंतरं घातली. बाकी सगळं अक्कांनी सांगितलं. शरदचे वडील घरी आले की जेवताना रस्त्याच्याच गोष्टी सांगायचे, आणि त्यातली अक्कांनी एकही सांडली नव्हती. कुठल्या पट्ट्यात रस्ता खराब, कुठल्या नाक्यावर गाड्या खोळंबतात, कुठल्या फाटकाशी हमखास थांबावं लागतं. मी पहिल्यांदा अख्खा प्रवास पाच मिनिटांत बसवून दाखवला. अक्कांना तो पटला नाही. ठिपका ग्वाल्हेरवरून उडी मारून गेल्यासारखा गेला, तिथे ते थांबायचे, म्हणाल्या. मी वेळ सैल केली. पुन्हा दाखवला, त्यांनी पुन्हा मान हलवली. शेवटी ठरलं की एका दुपारी एकच टप्पा चालवायचा, आणि नाके, फाटकं, चहा, जेवण, काहीही गाळायचं नाही.

मग पदर खोचून अक्का दिल्लीहून निघाल्या. कळ दाबून ठेवली की ठिपका चालायचा, सोडली की थांबायचा. त्या मनाशी बोलत चालवायच्या. गाडी हातात कोणाच्या आहे, तेही बोलायच्या. दोघांचा नेम साधा होता. जेवण झालं की चालवणाऱ्याने मागे झोपायचं आणि गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची. पहिल्या दुपारी शरदच्या वडिलांनी गाडी दिल्लीहून रातोरात ग्वाल्हेरपर्यंत आणली. दुसऱ्या दुपारी ग्वाल्हेरला खाणं झालं आणि पुढे साहेबराव बसला. तिसऱ्या दुपारी गुण्याच्या जेवणानंतर पुन्हा शरदचे वडील. अक्का मजेत होत्या. साहेबरावाला शिट्टी वाजवायची सवय होती, ती वाजवून दाखवली. घड्याळ मी बारकाईने बघत होतो. चौथ्या दुपारी गाडी इंदूर सोडून मानपूरच्या पुढे आली, तेव्हाच मला दिसलं की ही तर रोजच्याच चालीने पहाटेला बरोबर घाटात पोहोचते आहे. म्हणजे गाडी उडवली नव्हती. कुणीही घाई केली नव्हती. मला इतका आनंद झाला की मी अक्कांना थांबवून ते सांगितलं.

अक्कांनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. कळेवरून त्यांचा हात निघाला होता. ठिपका सेंधव्याच्या अलीकडेच थांबला होता.

"इंदूरले जेवण झालं ना भाऊ," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मी हो म्हणालो.

"मग गाडी साहेबरावना हातमा शे."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं: घाटात गाडी साहेबरावाच्या हातात होती. इतकी वर्षं त्यांच्या मनात गाडी दिल्लीहून निघायची आणि लगेच घाटात पडायची. मधला रस्ता त्यांनी कधी चालूनच पाहिला नव्हता. मी म्हणालो, कशावरून अक्का, कदाचित त्या दिवशी मधेच हात बदलला असेल. त्या म्हणाल्या, असेलही. पण त्यांच्या आवाजावरून मला कळलं की त्यांचं ठरलं आहे. त्यांनी कॉम्प्युटर बंद करायला सांगितला. खेळालाही पुन्हा कधी हात लावला नाही.

आठवड्याने त्यांनी मला शिरपूरला बरोबर येतोस का, असं विचारलं. मला वाटलं, आता माहेरच्यांसमोर सगळं उघड होणार, आणि साक्षीदार म्हणून मी हवा आहे. एसटीत तापीच्या पुलावर अक्कांनी हात जोडले. गावात पोहोचलो तेव्हा मंदा शेतात गेली होती. आई ओट्यावर बाजेवर बसली होती, डोळ्यांना कमी दिसणारी. अक्का तिच्या पायांशी बसल्या. म्हातारीने चाचपून त्यांचा हात पाहिला, बांगडी नसलेलं मनगट पाहिलं, आणि ओळखलं. मग म्हातारीनेच जावयाबद्दल विचारलं, जणू इतकी वर्षं तेवढंच विचारायचं राहून गेलं होतं:

"तो झोपी गया व्हता का वं?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हा आई," त्या म्हणाल्या. "त्यासना डोया लागी गया व्हता." त्यांचा, शरदच्या वडिलांचा, डोळा लागला होता.

म्हातारीने अक्कांच्या डोक्यावरून हात फिरवला. "माणूस शे," ती म्हणाली. "थकी जास."

परतीच्या एसटीत मी न राहवून विचारलं, असं का केलंत. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. त्या म्हणाल्या, आईने माफ केलं ना. कुणाला केलं, ते तिला कशाला कळायला पाहिजे? दोघांनाही मिळालं असेल.

त्यानंतर माहेरचं दार उघडलं. मंदा लेकरांना घेऊन धुळ्याला यायला लागली. अक्कांनी तिच्या मुलीला वर ठेवून घेऊन शिकवलं. म्हातारीचे शेवटचे महिने अक्कांच्याच घरी गेले. ती गेल्यावर मी एकदा म्हणालो, आता शरदला तरी सांगा, तो अजून वडिलांनाच दोष देतो. अक्का म्हणाल्या, "मंदाने एवढी वर्षं नवऱ्यासाठी रडून काढली. ते रडणं मी तिच्याकडून काढून घेऊ? आणि शरदला सांगितलं, तर तो एक दिवस रागात तिला बोलून जाईल." हा विषय पुन्हा काढू नको, एवढं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं.

मी पुढे पुण्याला आलो. अक्का आजारी पडल्याचं कळलं, तेव्हा भेटायला गेलो. उठून बसता येत नव्हतं, तरी माझा नवा धंदा नीट बसत नाही हे ऐकून म्हणाल्या, "धीरे धीरे." पुढचं वाक्य पुरं करायला दम उरला नव्हता. त्या हिवाळ्यात गेल्या. मी पोहोचलो तेव्हा शरद अंगणात उभा होता. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाला, बाबांच्या एका चुकीपायी आईने जन्मभर भोगलं. आत अक्कांच्या पायांशी मंदा बसली होती, कोणालाही जवळ येऊ देत नव्हती. मी शरदच्या पाठीवरून नुसता हात फिरवला.

मंदा आता नाही. ती गेल्याचं कळल्यावर मी नाशिकला शरदकडे गेलो. त्याचेही केस पांढरे व्हायला लागले आहेत. मी त्याला सगळं सांगितलं: आडवी रेघ, ठिपका, चार दुपारी, इंदूरचं जेवण, आजीने विचारलेला प्रश्न आणि अक्कांनी दिलेलं उत्तर. त्याने एकदाही मधे थांबवलं नाही. माझं झाल्यावर बराच वेळ तो टेबलावरच्या प्लॅस्टिकवर बोट ओढत बसला.

मग त्याने विचारलं, "म्हणजे दिवाळीला घरी येऊन मी बाबांना शिव्या द्यायचो, तेव्हा आईला हे माहीत होतं?"

मी हो म्हणालो.

"आणि ती मला जेवायला वाढत असायची," शरद म्हणाला.