आदल्या दिवशीचं पाणी

आमच्या घराण्याला पाहुण्यांचा फार धाक. टेंभुर्णीच्या पलीकडच्या आमच्या गावी तालुक्याचं पथक पाणीटंचाई बघायला येणार, असा निरोप आला, तेव्हा थोरल्या भावानं मला जालन्याहून बोलावून घेतलं. "तुला साहेबलोकांशी बराबर बोलता येतं," म्हणाला. घरात माझं इतकं कौतुक कधी होत नाही. इस्त्रीचा सदरा घालून निघालो. एसटीत बसल्या बसल्या भाषणही जुळवलं.

पथकाला टंचाई पटली तर सरकारी टँकर सुरू होणार होता. नाही पटली तर उन्हाळाभर वहिनीला ओढ्यातल्या झऱ्याशी बसून वाटीवाटीनं हंडा भरायचा होता.

जीपमधून एक अधिकारी बाई आणि मोजणीची फीत घेतलेला माणूस उतरले. ओसरीवर वहिनीनं तांब्या-पेला पुढं केला. पाणी गार, नितळ. मी सुरू केलं, की इथं थेंब न् थेंब महाग झालाय. बाईंनी पेला संपवला. वहिनीनं तो पुन्हा भरला. मग मला दिला. मी तो गटागटा प्यायलो आणि थेंबावर पुढं बोलत राहिलो.

नंतर सगळे गावच्या आडावर गेलो. माणसानं फीत खाली सोडली. ती फार लवकर ओली झाली.

"पाणी आहे की," बाई म्हणाल्या.

मी भावाकडं पाहिलं, भावानं स्वतःच्या चपलांकडं. "काल टाकलं, म्याडम. गावानं मिळून टँकर आणला, आडात रिकामा केला."

"कशासाठी?"

"तुम्ही येणार म्हणून. दारी आलेल्याला काय गढूळ पाजावं?"

बाई हसल्या नाहीत. "दादा, मला तसं लिहिता येत नाही. फितीला लागलं तेच लिहावं लागतं."

आता सगळे माझ्याकडं बघू लागले. बोलायची वेळ माझी होती. जुळवलेलं सगळं भाषण संपलेलं.

"चहा घेऊन जा," मी म्हणालो.

जीप गेल्यावर भाऊ म्हणाला, "चहाचं सांगायला जालन्याहून आल्तास व्हय? मंग ते काम गावातल्या कोन्या बी म्हाताऱ्यानं केलं असतं."

सरकारी टँकर आला नाही. भर उन्हाळ्यात पुन्हा गावी गेलो, तेव्हा वहिनी नुकतीच झऱ्यावरून आली होती. हंडा उतरवून ती गुडघे दाबत उभी राहिली. बसायच्या आधी तिनं माझ्यापुढं काठोकाठ तांब्या ठेवला.

"अर्धाच द्या, वहिनी."

"अर्धा तांब्या कुनाला देत्यात का, भाऊजी?"

तळाशी माती बसली होती. ती हलू न देता मी सावकाश प्यायलो.