धोंड्याचा महिना धरायचा का नाही

"तीन महिने भरले वं. डाक्टर खोटा निघाला."

"कुठचे भरले? धोंडा धरून मोजता काय तुमी?"

"काऊन नाई धरायचा?"

"धोंड्यात लग्न लावता काय? मंग दुखण्यालेच काऊन मोजता?"

माझे चुलतसासरे शेषराव नि चुलतसासू गोजरबाई यांचं हे भांडण. मी नवी सून, भिताडाअलीकडे भाकरी थापत होते. ऐकायचं नव्हतं, पण कान काही झाकता येत नाहीत. दुसरी लढाई लागली त्या सालचा पोळा होता, नि त्या साली श्रावण दोन आले होते.

ज्येष्ठ सरता सरता नागपूरच्या दवाखान्यात शेषराव मामंजींचं पोट फाडून लघवीच्या वाटेवरची गाठ काढली. गाठ गेली, पण वाट सताड उघडी राहिली. उठून उभे राहिले की धोतर ओलं. घरी सोडताना डॉक्टरनं विचारलं, "निजल्यावर कोरडे राहता?"

"हाव."

"मग दिवसाही बहुधा राहाल. आधी निजताना थांबतं, मग बसताना, मग चालताना. खोकताना, हसताना सगळ्यात शेवटी. तीनेक महिने धरा."

मामंजींनी 'तीन' ऐकलं, पुढचा 'एक' दवाखान्यातच राहिला.

ते दर बाजाराला वांग्या-मेथीची पाटी घेऊन अमडापूरला जायचे. झाडाखालची त्यांची जागा ठरलेली. आता माझे सासरे रामराव तिथं बसत. पोळ्याच्या त्या दिवशी मामंजी जागा त्यांनाच कायमची द्यायला निघाले होते. म्हणाले, "माणसात बसणं सपलं माझं."

"भादवा सरू द्या," गोजरबाई म्हणाल्या. "मंग जागा द्या नाईतर गाव द्या."

ते थांबले. गोजरबाई तोंडानं काही विचारत नसत, दोरीवरची धोतरं पाहत. चाराची तीन झाली, तिनाची दोन. पितरांच्या पंधरवड्यात एकच राहिलं, तेही अंघोळीचं.

एका सकाळी त्या अंगणात सांगू लागल्या, "आयकलं का? रामराव भावजी बाजारात गिऱ्हाइकालेच विचारतात, भाव काय लावू म्हणून!"

मामंजी खो खो हसले. हसता हसता थबकले, खाली पाह्यलं. धोतर कोरडं.

"अवं!" म्हणाले, नि पुन्हा हसून पाह्यलं.

पुढच्या बाजाराला पाटी त्यांच्याच डोक्यावर होती. सासऱ्यांनी जागा सोडली, सुटल्यासारखे घरी आले.

त्यानंतर अकरा वर्षं मामंजींनी बाजार केला. गेले ते बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, बसल्या जागी. आदल्या दिवशी नेहमीसारखेच अमडापूरला गेले होते. मेथी सगळी विकली, चार वांगी कोणाला फुकट दिली. गोजरबाईंना पानं आणली, मला खडे मीठ. मग पाटी झटकून भिंतीशी पालथी घातली.