दुसरी पार्टी

तोंडातला चहा आधी गिळून घ्या. घोट तोंडात ठेवून हे ऐकलंत आणि समोरच्याच्या शर्टावर उडवलात, तर मी जबाबदार नाही. आयुष्यात मूर्खपणा मी पुष्कळ केलाय हो, पण अख्खी बिल्डिंग गॅलरीत उभी राहून बघतेय, असा हा एकच.

तर आमचं खारी गावातलं घर. भाईंदर पूर्व, तिसरा मजला, लिफ्ट नाही. गिरगावच्या एका खोलीतून आम्ही इथे आलो तेव्हा हे वन बीएचके बघायला नातेवाईक शनिवार-रविवार धरून यायचे. बाबांनी घर घेतलं, आईच्या नावावर केलं आणि सजवलं कुणी? मी!

हॉल आणि किचनच्या मधे पीओपीची कमान. कमानीवर दोन हंस, माना एकमेकांत गुंतवलेले. स्केच माझं स्वतःचं. कारागिराने "साहब, ये बदक है ना?" असं विचारलं होतं, ते सोडा. एका भिंतीला सनमायकाचं अवाढव्य वॉल युनिट, शोकेससकट भिंतीतच ठोकलेलं. समोर पानगळीच्या जंगलाचा वॉलपेपर. बाथरूमला चॉकलेटी टाइल्स. त्या काळी लोक बाथरूम बघून "वा!" म्हणायचे. आता म्हणतात, "जरा लाइट लावा ना." लाइट लावलेलाच असतो.

एवढं सुंदर घर विकायचं कशाला? आईसाठी. तिचे गुडघे गेले. तीन मजले उतरणं बंद झालं. डॉक्टरकडे न्यायचं तर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून मी आणि वॉचमन उचलून खाली न्यायचो आणि ती वाटभर ओरडायची, "मी काय आंब्याची पेटी आहे?" खाली बाकावर बसून गप्पा नाहीत, बाजार नाही. आणि सगळ्यात मोठं दुःख म्हणजे मासळी मी आणायचो. वर्षभर त्या बाईने स्वतःच्या हाताने एका सुरमईचे कल्ले उघडून बघितले नव्हते. मी आणलेला बोंबील ताटात बघून ती जे तोंड करायची, ते मला झोपेतसुद्धा दिसायचं.

बेव्हर्ली पार्कात एक फ्लॅट हेरून ठेवला होता. लिफ्ट, खाली बाग, बागेत बाकं. तिथला मालक भला माणूस, थांबतो म्हणाला होता. पण किती थांबणार? त्याचा फोन वाजला की मी बाथरूममध्ये शिरायचो. आमचं विकल्याशिवाय ते घेता येत नव्हतं.

आणि आमचं काही केल्या विकलं जाईना!

आमचे ब्रोकर जिग्नेशभाई पार्टी घेऊन यायचे. ह्या धंद्यात गिऱ्हाइकाला पार्टीच म्हणतात. पार्टी आत यायची, कमानीखाली थबकायची आणि वर बघायची. मग मी हंसांची जन्मकथा सुरू करायचो. एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं, त्यांनी हंसांखाली सेल्फी काढले, खिदळले आणि गेले. मला वाटलं, पसंत पडलं! एका बाईंनी वॉलपेपरला बोट लावून विचारलं, "हे निघतं ना?" मी दुखावलो. म्हटलं, "निघेल की. सोबत भिंतही येईल."

जिग्नेशभाई एकदा मला जिन्यात बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, बुरा मत मानो, घर थोडं जूनु लागे छे. और दिखाते टाइम आप जरा कम बोलो."

मी कमी बोलू? मग पार्टीला हंस समजावून कोण सांगणार, वॉचमन?

शेवटी पालव आले. नवरा-बायको, काशीगावात भाड्याने राहणारे, मूळचे रत्नागिरीकडचे. पालव म्हणजे अगदी मितभाषी माणूस, बोलायचं सगळं खातं वहिनींकडे. आणि पालव वहिनींना आमचं घर आवडलं! वॉल युनिटपाशी उभ्या राहून काचेआडच्या बाहुल्या, कप, फोटो त्या एकेक करून बघत होत्या. "आमच्या माहेरी अस्संच होतं हो," म्हणाल्या. निघताना म्हणाल्या, "रविवारी परत येतो, मग नक्की सांगतो."

आता सांगा, गप्प बसायचं की नाही? रविवारपर्यंत नुसतं गप्प बसायचं होतं. पण मला एकदम आठवलं, जिग्नेशभाई एकदा बोलता बोलता म्हणाले होते, "दुसरी पार्टी समोर असली ना, की पहिली पार्टी झटकन हो बोलते." झालं! माझ्या डोक्यात चक्र फिरलं. म्हटलं, रविवारी पालवांच्या समोर दुसरी पार्टी उभी करू.

दुसरी पार्टी कोण? माझा मेहुणा नितीन. हा ऑफिसच्या एकांकिकांमधून कामं करतो. कायम शिपायाचं नाहीतर प्रेताचं. मी त्याला फोनवर अगदी सोपं काम दिलं. "तू मिस्टर सावंत. आत यायचं, घर बघायचं, 'मला पसंत आहे, उद्या टोकन देतो' म्हणायचं आणि निघायचं."

"भावोजी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सावंत हा माणूस म्हणून कसा आहे?"

"कसा म्हणजे? घर बघायला आलाय!"

"नाही, पण त्याचं दुःख काय आहे?"

बायको, म्हणजे मेधा, मागून म्हणाली, "अहो, माझा भाऊ आहे तो, मी ओळखते. त्याला दोन वाक्यं दिलीत तर तो तीन अंक करेल. नका बोलावू." मी ऐकलं नाही. जिग्नेशभाईंना तर पत्ताच लागू दिला नाही. आणि आईलाही सांगितलं नाही, कारण आईला खोटं बोलता येत नाही. रविवारी तिला आतल्या खोलीत टीव्ही लावून दिला आणि बजावलं, "पार्टी येणार आहे. काही झालं तरी उठू नकोस."

पालव आले. जिग्नेशभाई आले. वहिनी किचनचा ओटा हाताने पुसून बघायला लागल्या. लक्षण उत्तम! तेवढ्यात बेल वाजली.

दारात नितीन. दाढी वाढवलेली, शर्टाची बटणं वरखाली लावलेली, हातात एक्स-रेचं पाकीट. मी म्हटलं, मेलो.

"या, सावंत," मी म्हटलं.

सावंत आत आला, कमानीखाली थांबला, वर बघितलं आणि हुंदका दिला. "हंस!" तो म्हणाला. "माझ्या आईला मरायच्या आधी हंस बघायचेत हो!"

जिग्नेशभाईंनी संशयाने विचारलं, "सावंतसाब, आप कौनसे ब्रोकरसे आये?"

"दुःख हाच माझा ब्रोकर," सावंत म्हणाला.

मग जे सुरू झालं! दहा बाय दहाची खोली, गळकं छप्पर, सामान रस्त्यावर फेकायला निघालेला घरमालक आणि अंथरुणाला खिळलेली आई. ती आई म्हणजे माझी सासू हो! त्या वेळी ती धडधाकट बाई महिला मंडळाची सहल घेऊन वसईच्या किल्ल्यावर चढत होती. किचनमधून मेधाने पातेलं असं आपटलं की मला कळलं, आज रात्री मला जेवण नाही. मी डोळ्यांनी खुणा करतोय, खोकतोय, पण हा कसला थांबतो! आयुष्यात पहिल्यांदा त्याला जिवंत माणसाचं काम मिळालं होतं.

एवढं रडणं ऐकून टीव्हीपुढे कोण बसेल? काठी टेकत टेकत आई बाहेर आली.

"अगो बाई, नितीन? काय झालं रे? रडतोस कशाला?"

पालव वहिनी माझ्याकडे बघतायत. जिग्नेशभाई माझ्याकडे बघतायत. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"आई, हे नितीन नव्हेत, हे सावंत," मी म्हटलं, आणि पालवांकडे वळून आवाज खाली आणला, "तिला हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. सगळ्यांनाच नितीन म्हणते."

"लेकिन माँजी मेरेको तो बराबर जिग्नेश बोलते है," जिग्नेशभाई म्हणाले.

"कधी कधी लागतं बरोबर," मी म्हटलं.

आईने माझ्याकडे एकदा बघितलं. मग काठी टेकत सोफ्यावर जाऊन बसली. ते बघणं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पालव वहिनींनी पदराने डोळे टिपले आणि नवऱ्याकडे वळल्या. "अहो, आपण नको घेऊया हे घर. सावंतांची गरज मोठी आहे. आणि आजींची ही अशी अवस्था! असं माणूस ओळखीच्या जागेतून लवकर हलवू नये."

"अहो पण वहिनी..." मी.

"नाही, नाही! कुणाच्या तोंडचं घर काढून घ्यायचं नाही आम्हाला." असं म्हणून त्यांनी माझा हात धरला आणि नितीनच्या हातात दिला. "द्या शब्द! घर सावंतांनाच देणार."

त्या हलकटाने दोन्ही हातांनी माझा हात दाबला. "द्या, मालक, शब्द द्या!"

दिला. काय करणार? जिग्नेशभाईंनी लगेच फोन लावला, "खारीवाला फ्लॅट गया, अभी पार्टी मत भेजना." आणि जी एकमेव पार्टी होती ती जिना उतरायला लागली.

दार लागल्याबरोबर आई म्हणाली, "इकडे ये. मी कोण?"

"आई."

"हा कोण?"

"नितीन."

"मग वेडं कोण?"

मेधा किचनच्या दारातून म्हणाली, "सांगा ना, सांगा!"

मी सगळं सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं, काठी उचलली आणि गॅलरीच्या ग्रिलपाशी गेली. आता तिचं आयुष्य गेलंय चाळीत. एका गॅलरीतून समोरच्या गॅलरीत हाक मारायचा सराव आहे तिला.

"अहो पालव! थांबा! तो सावंत-बिवंत कुणी नाही! माझ्या सुनेचा भाऊ आहे तो! आणि मला सगळी माणसं ओळखू येतात!"

धडाधड खिडक्या उघडल्या. खालचे मिश्राजी बनियनवर बाहेर आले. "क्या हुआ, आंटी?"

"कुछ नहीं," आई म्हणाली, "मेरा लडका झूठ बोल्या!"

खालून पालव वहिनींचा आवाज आला. त्यांचाही आवाज काही कमी नव्हता हो! "ठाऊक आहे, आजी! शोकेसमध्ये लग्नाचा फोटो आहे ना, कानपिळीचा? तुमच्या मुलाचा कान पिळतोय तो हाच! केस गेलेत, पण नाक तेच आहे!"

बिल्डिंग हसली. मिश्राजींना मराठी पूर्ण कळत नव्हतं, पण ते सगळ्यात जोरात हसले. म्हणजे ते डोळे टिपणं, तो शब्द घेणं, सगळा आमचाच खेळ आमच्यावर उलटवला होता बाईंनी. आमच्या नितीनने वर्षभर क्लास लावावा त्यांच्याकडे.

"मग निघालात कशाला?" आईने विचारलं.

"घर आवडलंय, आजी. पण एवढ्यासाठी जो माणूस स्वतःच्या आईला वेडी ठरवतो, तो घरातलं काय काय लपवत असेल, सांगा बरं?"

आता हसू नका. त्या क्षणी मला खरंच लाज वाटली. आईसाठी म्हणून धडपडलो आणि चारचौघांत तिचीच अक्कल काढली. वर तिचं बागेतलं बाकही घालवून बसलो.

पण आई माझ्यावर थोडीच अवलंबून होती! "त्याचं काय ऐकता?" ती ओरडली. "घर माझ्या नावावर आहे! वर या, काय काय गळतं ते मी सांगते!"

पालव वर आले. आईने मला फक्त दाराकडे बोट दाखवलं. "तू खाली जा. आणि ह्या सावंतालाही ने."

गेटबाहेर टपरीवर आम्ही दोघं कटिंग घेऊन उभे. वर माझ्या घराचा निकाल लागतोय, जाणारा-येणारा मला बघून हसतोय, जिग्नेशभाई माझ्याकडे पाठ करून उभे. आणि नितीन विचारतो, "भावोजी, खरं सांगा, एक्स-रे जास्त झाला का?"

चहा संपायच्या आत वरून हाक आली. ठरलं होतं! बाथरूमची भिंत पावसाळ्यात ओली होते, पाणी सकाळी थोडाच वेळ येतं, वॉलपेपरमागे रंग नाही आणि कमानीवर बदकं आहेत, असं सगळं आईने धडाधड सांगून टाकलं होतं. पालव पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणाले, "आजींनी सांगितलं म्हणून घेतोय." जिग्नेशभाई मला म्हणाले, "साहेब, माँजी को पहले बिठाते तो कबका बिक जाता."

आता आम्ही बेव्हर्ली पार्कात आहोत. आई रोज लिफ्टने खाली उतरते, आठवड्यातून दोनदा रिक्षा करून बाजारात जाते आणि कोळिणींशी मनसोक्त भांडते. माझ्याशी मात्र महिनाभर कामापुरतंच बोलत होती. मला वाटलं, आता विसरली असेल.

परवा ऑफिसमधून येताना बागेतल्या बाकावर दिसली, नव्या मैत्रिणींच्या घोळक्यात, खळखळून हसत. इतकं बरं वाटलं मला! मी आपला हात हलवत, हसत हसत पुढे गेलो.

एका बाईंनी विचारलं, "आजी, हे कोण हो? तुमच्याकडे बघून हसतायत."

आईने चष्मा वर सरकवला, मला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "कोण जाणे, बाई! मला हल्ली सगळेच नितीन दिसतात."