किनाऱ्यावर उभं न राहण्यासाठी

जयू गेल्याचा फोन आला तेव्हा मी आयटीआयमध्ये मुलांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होते. तिच्या भावाने एवढंच सांगितलं, "ताई, सुटली ती." मी हातातली वही मिटली. रडू यायला हवं होतं, पण आधी आला तो सुटकेचा श्वास. दोन वर्षांचं तिचं दुखणं मी जवळून पाहिलं होतं. शिवाय आमच्यात बोलायचं राहिलेलं काही उरलं नव्हतं... ते कसं, हे सांगण्यासाठीच आज लिहायला बसले आहे.

जयू वेंगुर्ल्याची, मासेमारी करणाऱ्या घरातली. मी धामापूरची, भातशेतीवाल्यांची. इंजिनिअरिंगला आम्ही एका बाकावर बसायचो. होडी समुद्रात कुठे आहे हे किनाऱ्यावरच्या माणसाला दाखवणारं तिचं यंत्र आज आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी होड्यांवर आहे. मुलाखतींत तिला विचारायचे, एवढी धाडसी कशी झालीस? ती जिद्द, स्वप्न असं काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची. खरं कारण तिने मला कॉलेजात असतानाच सांगितलं होतं. ती शाळेत असताना तिच्या वडिलांची होडी वादळात भरकटली आणि तिसऱ्या दिवशी सुखरूप परतली. पण मधले दोन दिवस तिची आई वाळूत उभी होती. बस म्हटलं तरी बसेना. "माका ता वाट बघणा जमणा नाय गो," जयू म्हणाली होती. बस्स, एवढंच.

पुण्याची चांगली नोकरी सोडून ती परत आली आणि मलाही ओढून घेऊन आली. काजूच्या कारखान्यामागे आम्ही एक खोली घेतली. भाजलेल्या काजूचा वास कपड्यांना, वायरींना, सगळ्यालाच लागलेला असायचा. यंत्र तयार झालं, पण कोणी होडीवर लावून घेईना. एक जुने मच्छीमार म्हणाले, आधी तू स्वतः घेऊन जा, मग बघू. जयूला होडीत पाय ठेवताच उलट्या व्हायच्या, आणि पोहता तर येतच नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे ती वडिलांच्या होडीत चढली.

मी खोलीत पडद्यासमोर होते, शेजारी तिची आई. दुपारपर्यंत होडीचा हिरवा ठिपका नीट पुढे सरकत होता. मग इंजिन बंद पडलं असावं, कारण ठिपका वाऱ्याबरोबर दक्षिणेला वाहू लागला. आणि अचानक दिसेनासाच झाला. आई उठून उभी राहिली. अँटेनाचं सोल्डरिंग मी केलं होतं. तो सांधा सुटला असणार, हे मला त्याच क्षणी कळलं. अर्धा तास त्या बाईच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही... मग ठिपका पुन्हा उमटला. मी धावत जेटीवर जाऊन जागा सांगितली, दुसरी होडी गेली आणि दिवस मावळायच्या आत बापलेकीला ओढून घेऊन आली.

त्या दिवसानंतर लोक यंत्र मागायला लागले. मी मात्र महिन्याभरात आयटीआयची नोकरी धरली. जयूला सांगितलं, घरचे ऐकत नाहीत. ते खोटं होतं. मी घाबरले होते. पुढे तिची कंपनी वाढली, माझी मुलं मोठी झाली, ती दर गणपतीला धामापूरला यायची, पोटभर जेवायची. पण मैत्रिणीला अर्ध्या वाटेवर सोडलं, ही टोचणी माझ्या मनातून कधी गेली नाही.

शेवटच्या भेटीत मी सगळं बोलून टाकलं, सांध्याचंसुद्धा. उशीला टेकून ती ऐकत होती.

"माका ठावक होता," ती म्हणाली. "सांधो मीच परत बसवलंय होडयेत, उलट्यो करत करत."

मग मी का गेले तेही तिला ठाऊक होतं का, असं मी विचारलं. तिने मान हलवली.

"तू नोकरी धरलंस ता बरा केलंस. मी पण भियालंय होतंय गो. पण सगळा बुडाला तरी धामापुरात माका एक घर आसा, असा वाटायचा. त्या जोरावर तर पुढे गेलंय."

इतकी वर्षं मी जे ओझं वाहत होते, ते तिच्या लेखी ओझं नव्हतंच. मी तिचा हात हातात घेतला. मी निघताना ती हसली होती.

तिच्या बाराव्याला मी वेंगुर्ल्याला गेले. पडवीत आम्ही दहाबारा बायका बसलो होतो. तिची आई भिंतीला पाठ टेकून बसली होती. बोलता बोलता शेजारच्या एकीने मोबाईल काढला, त्यावरचा हिरवा ठिपका पाहिला आणि ती उठली. "होडी वळली गो आमची," ती म्हणाली, "भात घालूक होयो." तिच्यामागोमाग आणखी दोघींनी आपापले मोबाईल पाहिले आणि पदर सावरत घराकडे निघाल्या. पडवीतून समोरचा किनारा दिसत होता. वाळूत कोणी उभं नव्हतं.