न्यायला माणूस येईल

मला अठरा पूर्ण झाली तेव्हा नेकनूरच्या रस्त्यावरच्या आमच्या मुलींच्या बालगृहात मांडव घातला होता. खुर्च्या, हार, माइक, कशाची कमी नव्हती. एका पुढाऱ्याने मला सुटकेस दिली आणि फोटो नीट येईपर्यंत तिची मूठ सोडली नाही. मग अधीक्षक बाईंनी मला पाटावर बसवून ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. सासरी निघालेल्या लेकीची भरतात तशीच, फक्त सासर नव्हतं. बीडमध्ये साडीच्या दुकानात काम आणि एका घरामागची पत्र्याची खोली, एवढंच ठरलं होतं.

बाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "हे तुझं माहेर. पंचमीला न्यायला माणूस धाडते, तयार राहा."

घरात वाढलेल्या पोरीला कळतं, कुठलं बोलणं खरं आणि कुठलं म्हणायचं म्हणून म्हटलेलं. आम्हाला कसं कळावं? आमच्याकडे सातला जेवण म्हणजे सातला जेवण. रविवारी डोक्याला तेल म्हणजे रविवारी तेल. लाड नव्हते, पण सांगितलेलं व्हायचं. त्यामुळे पंचमीला माणूस येणार, हे मी सातच्या जेवणाइतकंच पक्कं धरलं.

श्रावण लागला तशी मी दुकानात सुट्टी मागितली. मालकाने तोंड वाकडं केलं, तेव्हा मी तोऱ्यात सांगितलं की माहेरचे न्यायला येणार आहेत. घरमालकीण काकूंनाही सांगून टाकलं; मी बालगृहातली, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना इतका आनंद झाला की सणाला आलेल्या स्वतःच्या लेकीबरोबर मलाही कासारणीपुढे बसवलं आणि हिरव्या बांगड्या भरल्या. पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी मी ती सुटकेस भरून ओट्यावर बसले. ऊन अंगणातून सरकून भिंतीवर चढलं. काकू मधूनमधून बाहेर येऊन रस्त्याकडे बघायच्या आणि काही न विचारता आत जायच्या. त्यांचं ते न विचारणंच मला सोसेना. फोन करावा, तर मला न्या म्हणून माहेरी फोन करणं कुठल्या लेकीला शोभतं? शेवटी न्यायला येणाऱ्यांची गाडी बिघडली असणार असं काकूंना सांगून मी स्टँडवर गेले आणि एसटी पकडली.

बालगृहात कडुनिंबाला झोका बांधला होता. मुली मेंदीचे हात एकमेकींना दाखवत पळत होत्या. ऑफिसात दुसऱ्याच बाई बसल्या होत्या. आमच्या बाईंची बदली झालेली. नव्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कोणाला भेटायला आलीस?"

मी सुटकेस खुर्चीमागे सरकवली. मी इथलीच, पंचमीला आलेय, असं सांगितलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी चहा दिला आणि अठरा पूर्ण झालेल्या मुलीला मुक्कामाला ठेवता येत नाही, हा नियम शांतपणे समजावून सांगितला. नियम मला पाठ होता. तो मलाही लागू होईल, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

स्वयंपाकाच्या मावशी फाटकापर्यंत सोडायला आल्या. कागदात ज्वारीच्या लाह्या बांधून दिल्या. मी विचारलं, न्यायला माणूस धाडायचा नव्हता तर आमच्या बाई तसं बोलल्या कशाला?

"लेकरा, आसं म्हणायचं आसतंय," मावशी म्हणाल्या. "समद्याच पोरींना म्हणतेत."

मला रडू आलं नाही, संताप आला. मांडव घातलात, हार घातलेत, टाळ्या वाजवल्यात, मग शेजारी बसलेल्या एकीनेही माझ्या कानात हे सांगू नये? तो खण, तो नारळ, ती सुटकेस, सगळं नाल्यात फेकावंसं वाटलं. फेकलं नाही. दुसरी बॅग नव्हती माझ्याकडे.

परत आल्यावर काकूंना थाप मारली की दुकानातून बोलावणं आलं, म्हणून मुक्काम न करता आले. लाह्या त्यांच्या हातात दिल्या. काकूंनी त्या देवापुढे ठेवल्या आणि मग घरात सगळ्यांना वाटल्या, हिच्या माहेरच्या आहेत म्हणत. माझ्या वाट्याच्या मी तशाच कागदात बांधून ठेवल्या.

पुढच्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर काकूंनी हौसेने विचारलं, "औंदा कोण येणार हाय न्यायला?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "आई वारली."

मी आईचं तोंडही पाहिलेलं नाही. पण दर वर्षी सुटकेस भरून ओट्यावर बसण्यापेक्षा एकदाच काय ते संपवावं, असं वाटलं. आधी का सांगितलं न्हाईस म्हणून काकू मलाच रागावल्या आणि रडल्या. संध्याकाळी ताटावर ताट झाकून पिठलं-भाकरी घेऊन आल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी आणून देतात तो कडू घास. समोर बसून त्यांनी मला एकेक घास खायला लावला.

मी सगळी भाकरी खाल्ली. माझं कुणीतरी गेलं होतं, एवढं काही खोटं नव्हतं.