मार्गळीतली पाणमांजर

आमच्या स्टुडिओत मार्गळी महिन्यात, म्हणजे ऐन डिसेंबर-जानेवारीत, धड फोटो एखादाच व्हायचा, किस्से मात्र ढिगानं! कुंभकोणमला कसली आलीय थंडी, असं तुम्ही म्हणाल. पहाटे नदीच्या ओल्या वाळूत पोट टेकून पडा एकदा, मग बोलू. दंवाला आम्ही घरीसुद्धा तमिळांसारखं 'पनी'च म्हणायचो. ती पनी हाडांत शिरायची.

स्टुडिओ गोपाळमामांचा, मी त्यांचा असिस्टंट. पोटापाण्याचा धंदा लग्नांचा आणि मढ्यांचा. त्या काळी कुणी वारलं की प्रेत खुर्चीत बसवून शेवटचा फोटो काढायचे. मामांची हौस मात्र पाखरा-जनावरांची. पहाटे आम्ही ट्रायपॉड घेऊन निघालो, की दारात कोलमची रांगोळी घालणाऱ्या बायकांचे हात थांबायचे.

एका आजीनं विचारलंच, "कोण गेलं?"

"अजून कुणी नाही, आजी. बगळ्यांकडे चाललोय!"

आजीनं दार लावून घेतलं.

*

एकदा वादळानंतर इन्नंबूरच्या भातशेतात गेलो. दाट धुकं. कुंपणावर एक बगळा, जागचा हलेना. मामा खूश! लेन्सवरची पनी पुसत काचेच्या निगेटिव्हची प्लेटवर प्लेट काढली. "याला म्हणतात मॉडेल! पापणी हलवत नाही."

ऊन आल्यावर जवळ गेलो. वादळानं त्याला काट्यांत फेकलं होतं. पंख अडकून तो उभ्या उभ्याच मेला होता.

मामांनी ट्रायपॉड मिटला. मग म्हणाले, "तरीच फोकस नीट बसला. सवय आहे ना!"

त्या प्लेटा त्यांनी कधी धुतल्या नाहीत.

*

आडुतुरैजवळच्या तळ्यावर थंडीत उत्तरेकडची बदकं उतरायची. त्यांचा फोटो शोकेसमध्ये लावला. एक बडे जमीनदार थांबले. "वा! कुठलं हो तळं?" मामांनी कौतुकानं सगळा रस्ता सांगितला.

आठवड्यानं त्यांचा गडी टोपली घेऊन आला. वर केळीचं पान, खाली बदकं. निरोप होता, "फोटोइतकीच सुरेख निघाली!"

मामींनी ती परसात पुरली. मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

*

पुढे मामांना दम्यानं गाठलं. डॉक्टर म्हणाले, "पनीत गेलात तर छाती जाईल."

मामी त्यांच्या गळ्याला मफलर गुंडाळत म्हणाल्या, "यांना काय सांगता डॉक्टर, त्या पाणमांजरीला सांगा!"

*

ती पाणमांजर कोळ्ळिडम नदीच्या बेटावर राहायची. पिल्लासकट तिचा एक फोटो मिळावा, म्हणून मामांनी तीन हिवाळे घालवले. त्यांच्या शेवटच्या मार्गळीत त्यांना चालवत नव्हतं, मी धरून नेलं. झावळ्यांच्या आडोशाला बसलो. खोकला फुटू नये म्हणून त्यांनी तोंडात पंच्याचा बोळा धरला होता.

धुकं विरलं आणि ती आली. तोंडात पिल्लू. तिनं ते वाळूवर ठेवलं. पिल्लू हललं नाही. तिनं नाकानं ढोसलं, उलटंपालटं केलं, पाण्यात बुडवून परत आणलं, चाटलं. पुन्हा ढोसलं. इतकी जवळ, की तिच्या मिशांवरचं पाणी दिसत होतं.

मी कुजबुजलो, "मामा, दाबा!"

शटरचा रबरी बल्ब त्यांच्या मुठीत होता. तो त्यांनी हळूच खाली सोडला, काळं फडकं कॅमेऱ्यावर टाकलं, आणि ती पिल्लू उचलून निघून जाईपर्यंत मान खाली घालून बसून राहिले.

"का नाही काढलात?" मी विचारलं.

"उजेड कमी होता रे."

बेटावरची वाळू उन्हानं नुसती लखलखत होती.