मुद्दाम पाडलेली बाटली

त्या दिवशी ऊन चांगलं होतं, पण वारा असा की बाल्कनीत डोक्यावरची टोपी धरून बसावं लागत होतं. ॲमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात लेकीकडे मी थोड्या दिवसांसाठी आलो, आणि कोरोनानं विमानं बंद झाली. शेजारच्या बाल्कनीत सुरुजभाई ब्लँकेट गुंडाळून बसलेले. मूळचे सुरीनामचे, पूर्वज बिहारकडून तिकडे मळ्यांत मजुरीला गेलेले. त्यांची बोली आपल्या हिंदीच्या जवळची, म्हणून आमचं जमायचं. आजारातून वाचून हॉस्पिटलातून घरी आले, पण तेव्हापासून एक शब्द बोलले नव्हते. घसा ठीक आहे, असं डॉक्टर म्हणाला होता.

त्यांची बायको शांतीदीदी मला म्हणाली, "भैया, तुमच्या खेळाचे किस्से सांगा ना यांना. घरात नुसती भांडीच वाजतात आता."

किस्से पुष्कळ. मी जन्मभर व्हरायटी पार्टीत जगलर होतो. गाणी, नकला, जादू, आणि मध्ये माझा खेळ. चेंडू आणि लाकडी बाटल्या हवेत टाकून झेलायच्या. हातात आलेली वस्तू लगेच सोडावी लागते. किस्से तेवढे हातात राहतात, म्हणून साठतात. रोज एक सांगायला लागलो.

*

आमचे वस्ताद अण्णा. माझा पहिला खेळ अगदी साफ झाला. एकही बाटली पडली नाही, आणि लोक आपले शेंगा खात बसले.

आत आल्यावर अण्णा म्हणाले, "एवढं साफ केलंस की लोकांना वाटलं, सोपंच आहे. उद्या शेवटची बाटली पाड."

"मुद्दाम?"

"मग काय! मुद्दाम."

दुसऱ्या दिवशी पाडली. सगळं थिएटर हळहळलं. परत केलं तेव्हा झेलली, तर एका म्हाताऱ्यानं आपला फेटाच वर उडवला. तो मीच झेलून त्याला परत दिला.

*

एकदा सांगलीला बाटली खरोखर पडली. पार्टीच्या मालकांना कळलंच नाही. "आज काय झकास पाडलीस," म्हणाले.

अण्णा पानाला चुना लावत होते. मान वर न करता म्हणाले, "आज खरी पडली."

"कशावरून?"

"मुद्दाम पाडतोस तेव्हा लोकांकडे बघतोस. खरी पडली की खाली बघतोस."

*

मुलगी बघायला गेलो. सासरे म्हणाले, "बाटल्या फेकून पोट भरतं का?"

मी चहा संपवला आणि समोरचे तीन रिकामे कप उचलून हवेत खेळवायला लागलो. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांचा ठेवणीतला सेट होता.

मुलगी ट्रे घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "चौथा देऊ का?"

सासऱ्यांना मग विचारायचं काही उरलं नाही. आमचा संसार छान झाला.

*

मिरजेला खेळ ऐन रंगात असताना लाईट गेली. थांबलो तर बाटल्या डोक्यावर. मी चालूच ठेवलं, अंधारात, नुसत्या हाताच्या सवयीवर. लाईट आली तेव्हा सगळ्या बाटल्या फिरत होत्या.

मागून एक जण ओरडला, "परत करा. आम्हाला दिसलं नाही!"

मी खट्टू झालो. अण्णा मात्र खूश. म्हणाले, "टाळी वाजवणाऱ्याला घरी जायचं असतं. परत म्हणतो तो आपला."

*

सुरुजभाई ऐकायचे. निदान मान माझ्याकडे असायची. तोंडातून अक्षर नाही.

मग इथलाच ताजा किस्सा सांगितला. लेकीचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉपवर. मी मागे मोज्यांचे गोळे करून हात मोकळे करत होतो. कॅमेरा चालू आहे हे मला काय माहीत! मीटिंग थांबली. तिच्या डच साहेबानं विचारलं, हे कोण?

शाळेत असताना लेक मैत्रिणींना सांगायची, बाबांचा थिएटरचा बिझनेस आहे. त्या दिवशी म्हणाली, "माझे वडील. जगलर आहेत."

साहेब म्हणाला, "मग आपलं प्रोजेक्ट त्यांच्याकडेच द्या."

शांतीदीदी पदर तोंडाला लावून हसली. सुरुजभाई ब्लँकेटकडे बघत राहिले. तिचं हसू तिथंच थांबलं. ती आत गेली आणि टोपलीभर संत्री घेऊन आली.

"भैया, सांगून झालं. आता करून दाखवा."

तीन संत्री घेतली. वारा होताच, पण हात ऐकत होते. सुरुजभाईंची मान खालीच. चौथं घेतलं. दोन फेऱ्या छान गेल्या. मग ते बोटांना लागून निसटलं, फरशीवर आपटलं आणि बाल्कन्यांमधल्या पत्र्याखालून पलीकडे घरंगळत गेलं.

मी खाली बघितलं.

वर बघतो तर सुरुजभाईंनी ते सपातेनं अडवलं होतं. वाकले, उचललं, ब्लँकेटला पुसलं आणि कठड्यावरून माझ्यापुढे धरलं. आवाज पार घोगरा झाला होता.

म्हणाले, "परत करा. आणि या वेळी मुद्दाम पाडा."